आधी पाण्याला वाट

आषाढात चार दिवस पावसाने झोड उठवली, की कोल्हापूरचा माणूस घरात बसत नाही. डोक्यावर छत्री धरून, नाही तर इरले घेऊन, तो पंचगंगेकडे निघतो. घरातली म्हातारी माणसे दारातूनच विचारतात, ‘‘पाणी कुठवर आलं रे?’’ आणि परत आलेला नातू मोठ्या ऐटीत सांगतो, ‘‘मच्छिंद्री झाली!’’ शिवाजी पुलाच्या कमानीखाली ठराविक उंचीला पाणी लागले, म्हणजे मच्छिंद्री झाली. बाहेरगावच्या पाहुण्याला या शब्दाचा उलगडा होत नाही. आपल्याला मात्र तो एक शब्द पुरतो. गंगावेशीतला दुकानदार माल माळ्यावर चढवू लागतो, आणि नदीपलीकडे ज्याच्या म्हशी आहेत त्याची झोप उडते.

आता राजाराम बंधाऱ्यावर फूट आणि इंच मोजले जातात. ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे शाळकरी पोरही जाणते. २०१९ च्या ऑगस्टात ही पातळी ५५ फूट ७ इंचांवर गेली आणि २०२१ च्या जुलैत ५६ फूट ३ इंचांवर. आकडे खरे, उपयोगाचेही. पण आमच्या पिढीच्या मनातली मोजपट्टी म्हणजे तो जुना पूलच. सांगलीकरांचेही तेच. तिथे कृष्णेचे पाणी १९२९ साली खुल्या झालेल्या आयर्विन पुलापाशी मोजतात आणि साऱ्या जिल्ह्याची छाती त्या आकड्याबरोबर वरखाली होते. पूल हा माणसांनी नदी ओलांडण्यासाठी बांधला खरा, पण नदीकडे पाहण्याची जागा म्हणूनच तो आपल्याला अधिक ठाऊक आहे. आज या पुलाविषयी चार शब्द लिहावयाचे आहेत. मात्र निमित्त कोल्हापूरचे नाही, निपाणीकडच्या वेदगंगेचे आहे. तिकडे वळण्यापूर्वी पुलावर थोडे थांबू.

शिवाजी पुलाचे काम १८७४ साली सुरू झाले आणि १८७८ साली पुरे झाले. त्या वेळी कोल्हापूरच्या गादीवर चौथे शिवाजी महाराज होते. वयाने अगदी लहान. कारभार पोलिटिकल एजंटाच्या नजरेखाली चाललेला. कोल्हापूरला आगगाडी यायला अजून तेरा वर्षे अवकाश होता. मिरजेहून रुळ आले ते १८९१ साली. म्हणजे पन्हाळा, आंबा घाट आणि रत्नागिरीची बंदरपट्टी यांच्याशी करवीरचा सगळा व्यवहार बैलगाडीच्या चाकावर होता, आणि पावसाळ्यात तो पंचगंगेच्या काठाशी येऊन अडत होता. पूल होण्यापूर्वी नदी नावेने उतरावी लागे. आमच्याकडच्या नद्यांवर पुराच्या दिवसांत गुळाची काईलसुद्धा नाव म्हणून चालत असे. काईलीत बसून सासरी गेलेल्या मुलींच्या गोष्टी आपल्या आज्यांनी आपल्याला सांगितलेल्या आहेत. पूल बांधून होत होता ती वर्षेही साधी नव्हती. १८७६-७७ चा मोठा दुष्काळ त्याच काळातला. ज्या नदीच्या पुरावर एवढा खर्च चालला होता तिच्या खोऱ्यापासून थोड्याच अंतरावर पूर्वेकडे माणसे पाण्यावाचून गाव सोडत होती. आपल्या प्रांताची ही जुनीच तऱ्हा.

या पुलाला आपण ‘ब्रिटिशकालीन’ म्हणतो. काळ त्यांचा, हे मान्य. पण दगड इथला, चुना इथला, आणि छिन्नीवर हातोडा मारणारे पाथरवटही इथलेच. त्यांची नावे कुठल्या पाटीवर नाहीत म्हणून पूल साहेबाच्या नावे जमा झाला, एवढेच.

साहेबाच्या नावे आणखी एक गोष्ट जमा आहे. ती आपण सर्वांनी ऐकलेली असेल. विलायतेतल्या कुठल्याशा कंपनीकडून म्हणे पत्र आले: ‘आम्ही बांधलेल्या तुमच्या पुलाची शंभर वर्षांची मुदत संपली आहे, यापुढे जबाबदारी आमची नाही.’ हे पत्र पाहिलेला मनुष्य मला आजवर भेटलेला नाही. पत्र ऐकलेले मात्र शेकड्याने भेटले. कोल्हापुरात भेटले, साताऱ्याकडे भेटले, कोकणात तर प्रत्येक खाडीला एक पत्र आलेले आहे! मुदत संपायला पूल म्हणजे काही औषधाची बाटली नव्हे. स्पेनमध्ये टॅगस नदीवर अल्कांतारा येथे रोमन लोकांनी इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आरंभी बांधलेला कमानींचा पूल उभा आहे. चीनमधला चाओचौचा दगडी पूल सातव्या शतकाच्या आरंभीचा. आपल्याकडे जौनपूरला गोमतीवर अकबराच्या अमदानीत, १५६८-६९ च्या सुमारास बांधलेला शाही पूल आहे. १९३४ च्या भूकंपात त्याच्या काही कमानी गेल्या, त्या पुन्हा बांधल्या आणि पूल चालू राहिला. यांपैकी कोणालाही पत्र आलेले नाही.

दगडाचा पूल इतका टिकतो कसा, याचे उत्तर कमानीत आहे. दोन माणसांनी समोरासमोर उभे राहावे, तळहाताला तळहात लावावे आणि पाय जरा मागे सरकवून एकमेकांवर रेलावे. दोघेही पडत नाहीत, कारण प्रत्येकाचे पडणे दुसऱ्याने अडवलेले असते. कमान ही तशीच. तिच्यातला प्रत्येक दगड पाचरीसारखा घडवलेला असतो, वर रुंद आणि खाली निमुळता. तो खाली निसटू पाहतो आणि शेजारच्या दोघांत अडकून बसतो. दगडाला ओढलेले सोसत नाही, दाबलेले मात्र वाटेल तेवढे सोसते. कमान त्याला फक्त दाबते. वरून ओझे आले की दगड एकमेकांना अधिकच घट्ट धरतात. बांधताना मात्र ही जादू अगदी शेवटपर्यंत दिसत नाही. खाली लाकडाचा साचा उभारायचा, त्याच्यावर दोन्ही बाजूंनी दगड लावत वर यायचे, माथ्यावरचा शेवटचा दगड ठोकून बसवायचा, आणि मग साचा हळूहळू उतरवायचा. साचा सुटतो त्या क्षणी कमान किंचित बसते आणि स्वतःच्या पायावर उभी राहते. त्या दिवशी मिस्त्रीच्या घरी कोणी पोटभर जेवत असेल असे मला वाटत नाही.

दगडांच्या सांध्यांत चुना. आपल्या काळ्या रानात चुनखडीचे खडे सापडतात. ते भट्टीत भाजायचे, विरवायचे, वाळूबरोबर घाण्यात बैलाकडून दळून घ्यायचे. या खड्यांत मातीचा अंश असतो, त्यामुळे हा चुना ओलातही धरतो आणि वर्षानुवर्षे कठीण होत जातो. तरी सिमेंटासारखा तो ताठर नसतो; उन्हाने दगड फुगला, थंडीने आकसला, तर चुना थोडे सांभाळून घेतो. म्हणूनच जुन्या पुलाच्या भेगांत सिमेंट भरणे हा उपचार नव्हे, ती नवी दुखापत आहे. आतले पाणी बाहेर पडायची वाट त्याने बंद होते आणि काही वर्षांनी दगडाचीच कड फुटून येते. आपल्या कित्येक देवळांच्या भिंतींवर हा प्रयोग झालेला आहे. पुढचे काही सांगायला नको.

पण कमान टिकते ती केवळ वरच्या ओझ्याला पुरून उरते म्हणून नव्हे. नदीवरच्या पुलाचा खरा शत्रू वरून येत नाही, समोरून आणि खालून येतो. पाणी खांबावर आदळते, खांबाच्या दोन्ही अंगांनी जोराने निघते आणि त्याच्या पायाशी भोवरा करून तळ उकरू लागते. जगात पडलेल्या पुलांपैकी पुष्कळसे असे पाय उकरले गेल्याने पडलेले आहेत. म्हणून जुन्या पुलांचे खांब पाण्याकडच्या बाजूला नाकासारखे टोकदार केलेले असतात. पाण्याला अडवू नये, चिरून जाऊ द्यावे, हा त्यामागचा विचार. आणि त्याहून मोठा विचार असतो तो कमानींच्या एकूण रुंदीचा. नदीला पुलाखालून जायला जागा किती ठेवायची? जागा निम्मी केली, तर तेवढेच पाणी दुप्पट वेगाने जावे लागते. आणि ते जाऊ शकले नाही, तर मागे तुंबून चढते. या मागे चढणाऱ्या पाण्याला आपल्याकडे फुगवटा म्हणतात. शब्द धरणांमुळे परिचयाचा झाला, पण फुगवटा करायला धरणच लागते असे नाही.

त्या काळच्या इंजिनीयरांची एक रीत होती. पूल कुठे आणि किती उंच बांधायचा हे ठरवण्यापूर्वी गावातल्या म्हाताऱ्यांना गाठून ते विचारत, ‘‘तुमच्या आठवणीतले सर्वांत मोठे पाणी कुठवर आले होते?’’ मग पाटील देवळाची पायरी दाखवी, कोणी चिंचेचे झाड दाखवी, आणि साहेब तिथे खूण करून घेई. आजच्यासारखी उपकरणे नव्हती, पर्जन्याची जुनी टिपणे नव्हती. निदान विचारण्याची लाज नव्हती.

शिवाजी पुलावरून रत्नागिरीच्या रस्त्याला लागा. अलीकडच्या तीरावर ब्रह्मपुरीची टेकडी. १९४५-४६ साली सांकळिया आणि दीक्षित यांनी जिचे उत्खनन केले, जिच्या परिसरात समुद्रदेवतेची रोमन धाटणीची धातूची मूर्ती सापडली, तीच ही टेकडी. पलीकडे मात्र सखल रान, ऊस आणि गवताची कुरणे. पूल उंच, पण पुलावरून उतरून आंबेवाडी, केर्लीकडे गेलेला जुना रस्ता रानाच्या अंगाअंगाने जाणारा, बसका. मोठा पूर आला की या रस्त्यावर पाणी येते आणि वाहतूक बंद पडते. २०१९ साली पडली, २०२१ साली पडली, त्यापूर्वीही पडत होती. यावरून जुन्या लोकांना पुष्कळ बोल लावता येईल. एवढा पूल बांधला, मग रस्ता उंच करायला काय झाले होते? हेतू होता की पैसा संपला होता, हा वाद सोडून देऊ. परिणाम पाहा. नदी पात्रात असते तेव्हा ती कमानींतून जाते; पात्र सोडून रानात पसरली, की रस्त्यावरूनच पलीकडे जाते. चार दिवस माणसांनी थांबायचे, पाणी थांबवायचे नाही.

आता दक्षिणेला वळू. कोल्हापुराहून बेळगावला जाणारा आपला जुना पुणे-बंगळूर रस्ता एकामागून एक नद्या ओलांडत जातो. कागलपाशी दूधगंगा, निपाणीच्या अलीकडे यमगर्णीला वेदगंगा, संकेश्वरला हिरण्यकेशी, पुढे घटप्रभा. आमचे आजोबा, आम्ही त्यांना आबा म्हणत असू, निपाणीला तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. त्यांच्या तोंडी या नद्यांचा हिशेब मुक्कामांचा असे. ‘‘वेदगंगेला पाणी होतं, एक रात्र गेली’’ असे ते इतक्या सहज म्हणत, की जणू वेदगंगा ही वाटेतली एखादी नातेवाईकच होती आणि तिने जेवल्याशिवाय सोडले नाही. १९५६ साली निपाणी म्हैसूर राज्यात गेली, रस्त्यावर कोगनोळीला नाके बसले, पाट्यांची लिपी बदलली. वेदगंगा मात्र भुदरगडाच्या डोंगरात उगवून, मुरगूडवरून येऊन, कोणाला न विचारता पूर्वीसारखीच निपाणीच्या रानात उतरते, दूधगंगेला मिळते आणि तिच्याबरोबर कृष्णेत जाते.

रस्ता आधी दुपदरी होता, मग चौपदरी झाला, आता सहापदरी होत आहे. याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. बेळगावची लेक कोल्हापूरला सकाळी येऊन संध्याकाळी परत जाते, हे आपल्याला हवेच आहे. पण प्रत्येक वेळी रस्ता रुंद झाला तसा उंचही झाला. पूरवाटेतून आडवा जाणारा माती-मुरमाचा उंच भराव, मधे नदीपुरता एक पूल आणि इथे तिथे काही मोऱ्या, अशी ही रचना. नकाशावर पाहिले तर नदीला पूल आहे, मोऱ्याही आहेत, मग उणे काय? उणे एवढेच, की पुरात नदी म्हणजे केवळ नकाशावरची निळी रेघ नसते. ती रेघ म्हणजे तिची उन्हाळ्यातली जागा. पावसाळ्यात दोन्ही बाजूंचे मैल-मैल रान हे तिचेच असते, आणि त्या रानातून येणारे पाणी या भरावाशी येऊन उभे राहते.

याच रस्त्यावर कोल्हापूरच्या वेशीवर शिरोलीला पंचगंगेचे आणि निपाणीजवळ यमगर्णी-मांगूर फाट्याला वेदगंगेचे पाणी २०१९ मध्ये महामार्गावर आले आणि वाहतूक अनेक दिवस बंद पडली. २०२१ मध्ये पुन्हा तेच. म्हणजे गंमत पाहा. पाणी अडवून रस्ता चालू राहिला असता, तर निदान एकाचे तरी भले झाले म्हटले असते. इथे पाणीही अडले आणि रस्ताही!

माझी थोरली बहीण वेदगंगेच्या काठच्या एका गावात दिलेली. गावाचे नाव लिहीत नाही. आक्काला आवडणार नाही. भराव असलेल्या रस्त्याच्या वरच्या अंगाला तिचे घर. २०१९ साली तिने भिंतीवरच्या देवांसकट सगळे माळ्यावर हलवले आणि स्वतः गुरांबरोबर शाळेत जाऊन राहिली. नंतर भेटायला गेलो तेव्हा मला वाटले होते, ती पाण्याच्या उंचीबद्दल बोलेल. ती बोलली पाण्याच्या मुक्कामाबद्दल. ‘‘पूर काय मी नवा बघितला काय रे? लग्न होऊन आल्यापासनं बघतोय. यायचं, पायरी धुवून जायचं. ह्या वेळंला आलं ते बसलंच. ऊस उभ्या उभ्या कुजला.’’ उसाला दोन दिवस पाणी सोसते. शेंड्यापर्यंत बुडून आठवडा गेला, की वाढा कुजतो आणि मग पीक वाळल्यावर नुसत्या काठ्या उरतात. सरकारी पंचनाम्यात पाणी किती आले याचा रकाना असतो. किती दिवस राहिले हे आक्काच्या डोक्यात असते.

नव्या रुंदीकरणाच्या कामात वेदगंगाकाठच्या गावांनी म्हणूनच एक मागणी लावून धरली: मांगूर फाट्याशी भराव नको, रस्ता खांबांवर न्या. या मागणीसाठी माणसे रस्त्यावर बसली. अशाच एका दिवशी मी तिथे वाट पाहत थांबलो होतो. शेजारी एक शेतकरी उभे होते, वय माझ्याएवढेच. मी म्हटले, ‘‘खांबांवर रस्ता म्हणजे खर्च फार येतो म्हणतात.’’ ते म्हणाले, ‘‘येतोय की. न्हाई कोण म्हनतंय? पन आमचा जो खर्च होतोय तो कुनाच्या वहीत लिवायचा, तेवढं सांगा.’’ मला उत्तर देता आले नाही. बस आली म्हणून सुटलो.

खर्चाचा मुद्दा खोटा नाही, आणि तो हसण्यावारी नेऊ नये. भराव स्वस्त पडतो, लवकर होतो. खांबांवरचा रस्ता महाग. महामार्ग आठवडाभर बंद राहणे हीही सोसण्यासारखी गोष्ट नव्हे. २०१९ मध्ये कोल्हापुरात पेट्रोलसाठी रांगा लागल्या, भाजी मिळेना, दुधाचे संकलन थांबले. आबांच्या काळी एक रात्र गेली तर वखारीत चार पोती उशिरा पोहोचत. आज रुग्णवाहिका अडते. म्हणून जुन्यासारखा बसका रस्ता करा आणि पुरात थांबून राहा, असे मी म्हणणार नाही. म्हणणे इतकेच, की रस्ता उंच करावयाचा तर त्याच्याखाली जागा सोडून उंच करा. नदीच्या पात्रापुरती सोडून भागणार नाही, पुराच्या वाटेएवढी सोडा. कमानीचा पूल बांधणाऱ्यांपाशी काँक्रीट नव्हते, लोखंडी तुळया नव्हत्या. एकेक गाळा वाढवायचा म्हणजे लाकडी साचा, शेकडो घडीव दगड आणि एक अख्खा उन्हाळा. तरी त्यांनी पाण्यासाठी गाळे ठेवले. ज्यांना आज शंभर शंभर फुटांचे गाळे सहज टाकता येतात त्यांनी मातीचा ढीग घालून मोकळे व्हावे, यात मला काटकसर दिसत नाही.

सीमाभागातल्या आपल्या माणसांना पूर आला की अलमट्टी आठवते. अलमट्टीच्या दाराची आणि उंचीची चर्चा जरूर करावी. ती दोन सरकारांत आणि न्यायालयांत चाललेलीही आहे. पण अलमट्टी दूर आहे आणि भराव आपल्या डोळ्यांसमोर आहे. लांबच्या भिंतीविषयी बोलताना जवळची भिंत दिसेनाशी व्हावी, हे बरे नाही. शिवाय या भिंतीला दोन राज्यांचा तंटा नडत नाही. वेदगंगेचे पाणी तुंबले तर ते सीमेच्या दोन्ही बाजूंना तुंबते. मराठी घराच्या उंबऱ्याशी आणि कन्नड घराच्या उंबऱ्याशी ते सारखेच चढते.

आता कोणी म्हणेल, जुन्या पुलांचे एवढे कौतुक, आणि महाडचे काय? प्रश्न रास्त आहे. महाडजवळ सावित्रीवरचा दगडी कमानींचा पूल १९२८ सालचा. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री तो पुरात कोसळला. दोन एस. टी. गाड्या अंधारात पाण्यात गेल्या. गाड्यांतली माणसे कुठे कुठे, किती दिवसांनी सापडली, काही सापडलीच नाहीत. त्याच वर्षी मे महिन्यात त्या पुलाची पाहणी झाली होती आणि तो धोकादायक नसल्याचा निर्वाळा मिळाला होता. तिथे नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि २०१७ च्या जूनमध्ये खुला झाला. मनात आणले तर आपल्याला किती झटपट काम करता येते, हे त्यातून दिसले. जुन्या पुलाकडे तेवढ्याच तत्परतेने आधी पाहिले असते तर, हा विचार मात्र मनातून जात नाही. पाहणी म्हणजे रस्त्यावर उभे राहून कठड्यावरून वाकणे नव्हे. पाण्यात उतरून खांबाचा पाय चाचपला पाहिजे.

आणि आपल्या शिवाजी पुलाचे? २०१८ च्या जानेवारीत, प्रजासत्ताक दिनाच्या रात्री, गणपतीपुळ्याहून परतणारी एक मिनिबस कठडा तोडून पंचगंगेत पडली आणि १३ माणसे गेली. लहान मुले होती त्यांत. त्या वेळी शेजारच्या नव्या पुलाचे काम ब्रह्मपुरीच्या संरक्षित हद्दीच्या नियमावर अडून अर्धवट उभे होते. टेकडीचे रक्षण करणारा कायदा चुकीचा नव्हे, पुलाची मागणीही चुकीची नव्हे. दोघांचे बोलणे करून द्यायला इतकी वर्षे लागली, आणि मधे ते मिनिबसचे माणसांनी भरलेले बाक गेले. दगडी पूल त्या रात्री हलला नाही. पण बैलगाडीसाठी बांधलेल्या कठड्याने मोटार थोपवावी, ही अपेक्षा त्याच्याकडून करणाऱ्यांत आपण सगळेच होतो.

२०१९ साली नवा पूल खुला झाला आणि म्हाताऱ्याच्या खांद्यावरचे ओझे उतरले. आता त्याला विसरून जाण्याची वेळ आली आहे. आपल्याकडे निवृत्त माणसाचे जे होते तेच पुलाचे होते. पिंपळाचे रोपटे कमानीच्या सांध्यात रुजते, पाच वर्षांत मनगटाएवढे होते, मग मुळी दगड उचकटते. पावसाचे पाणी बाहेर टाकणाऱ्या पन्हळी मातीने बुजतात आणि ते पाणी आत मुरून चुना धुऊन नेते. याला कोट्यवधी लागत नाहीत. दरसाल पावसाळ्यापूर्वी कोयता घेतलेली चार माणसे, चुन्याची ओळख असलेला एक गवंडी आणि पन्हळी साफ करायला एक लांब सळई एवढे पुरते. नवे काम नसल्यामुळे त्याची फीत कापता येत नाही, हा त्यातला दोष आहे खरा. शहरातल्या शाळांनी मुलांना एकदा उन्हाळ्यात तिथे खाली उतरवून कमान पोटाकडून दाखवावी. पुस्तकातल्या आकृतीपेक्षा ती लवकर समजते. आणि निपाणी-कोल्हापूर रस्त्याची आखणी करणाऱ्यांनीही एकदा, पाणी चढलेले असताना, नव्या पुलावर उभे राहून जुन्याच्या कमानींतून ते कसे निघते ते पाहून जावे.

गेल्या दिवाळीत आक्काकडे गेलो होतो. भाच्याने घराला रंग दिला आहे. पडवीतल्या खांबावर २०१९ ची आणि २०२१ ची अशा कोळशाने ओढलेल्या दोन रेघा होत्या. तेवढा भाग सोडून बाकी खांब त्याने पिवळा केला. मी विचारले, ‘‘वरपर्यंत मोकळा का ठेवलास रे?’’ तो म्हणाला, ‘‘मामा, काम कसं करत्यात बघूया. लागली तर जागा असावी.’’